टोकामॅकचा डेटा आणि मशीन लर्निंग : डिस्रप्शनचा अंदाज बांधणारे पहिले मॉडेल कसे उभारावे

प्लाझ्माच्या संशोधनात मशीन लर्निंग वापरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न कोणता निवडावा, असे विचारले गेले तर मी टोकामॅक या प्लाझ्मा कोंडून ठेवणाऱ्या यंत्रातील डिस्रप्शनचा, म्हणजे ही बंदिस्ती अचानक कोसळण्याचा, अंदाज हाच प्रश्न सुचवतो. या प्रश्नावर १९९० च्या दशकापासून काम चालू असल्यामुळे आपला निकाल कितपत चांगला आहे, हे पडताळायला तुलना हाताशी असते; लागणारा डेटा आता काही प्रमाणात खुला झाला आहे; आणि उत्तराची गरजही खरी आहे, कारण फ्रान्समध्ये कादाराश येथे उभारला जात असलेला ईटर हा टोकामॅक मोठी डिस्रप्शन वारंवार सहन करू शकणार नाही. हा लेख पायथॉनची प्राथमिक ओळख असलेल्या आणि पदवी स्तरावरचे विद्युतचुंबकशास्त्र शिकलेल्या वाचकासाठी आहे. त्यातील माझा मुख्य आग्रह आताच सांगून ठेवतो : या कामात मॉडेलची निवड फार उशिरा येते. निकाल विश्वासार्ह ठरणार की नाही, हे त्याआधीच, डेटा कसा जुळवला, त्यावर लेबले कशी लावली आणि प्रशिक्षण व चाचणी यांत तो कसा वाटला, यावर बहुतांशी ठरलेले असते.

पहिली पायरी : घटना समजून घेणे

टोकामॅक म्हणजे कंकणाकृती निर्वात पात्र. बाहेरच्या वेटोळ्यांचे चुंबकीय क्षेत्र आणि खुद्द प्लाझ्मातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचे क्षेत्र यांच्या एकत्रित परिणामामुळे अतितप्त प्लाझ्मा भिंतीपासून दूर धरला जातो. प्लाझ्मा निर्माण करून तो संपेपर्यंतच्या एका प्रयोगाला शॉट म्हणतात. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील आदित्य-यू या टोकामॅकवर एक शॉट सेकंदाच्या काही भागापुरता चालतो, तर मोठ्या यंत्रांवर तो अनेक सेकंद, क्वचित मिनिटेही टिकतो.

डिस्रप्शनमध्ये ही बंदिस्ती अचानक कोसळते आणि ते दोन टप्प्यांत घडते. आधी प्लाझ्माची उष्णता भिंतीवर जाऊन आदळते. इंग्लंडमधील जेटसारख्या यंत्रात यासाठी साधारण एखादा मिलिसेकंद पुरतो. थंड झालेल्या प्लाझ्माचा विद्युतरोध एकदम वाढतो आणि मग दुसऱ्या टप्प्यात त्यातील प्रवाह वेगाने ओसरतो. ओसरणारा प्रवाह पात्राच्या धातूत प्रवाह प्रवर्तित करतो, त्यामुळे पात्रावर प्रचंड यांत्रिक बल येते. शिवाय या काळातील विद्युतक्षेत्रामुळे काही इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पोहोचतात आणि त्यांचा झोत भिंतीला भोक पाडू शकतो. ईटरमध्ये १५ मेगाअँपिअर प्रवाह नियोजित आहे, तेव्हा तेथे या गोष्टींचे प्रमाण किती वाढेल याची कल्पना करता येते.

नवख्याला सर्वांत उपयोगी पडते ते डिस्रप्शनच्या आधीच्या घटनाक्रमाचे ज्ञान. एक नेहमी दिसणारा क्रम असा : घनता किंवा अशुद्धी वाढते, प्लाझ्माचा काठ प्रारणामुळे थंड होतो, प्रवाह मध्याकडे आकसतो, चुंबकीय पृष्ठे फाटून बेटे तयार होतात, ती वाढतात, त्यांचे फिरणे मंदावते आणि शेवटी ती पात्राच्या संदर्भात एका जागी थबकतात. या थबकलेल्या अवस्थेला लॉक्ड मोड म्हणतात आणि अनेक डिस्रप्शनच्या आधी तो दिसतो. आपले मॉडेल मुळात हीच साखळी ओळखणार असते. मात्र साखळी नेहमीच एवढी लांब नसते. भिंतीवरून धातूचा कण सुटून प्लाझ्मात पडला तर सगळे काही थोड्या मिलिसेकंदांत उरकते आणि तेथे कोणतेही मॉडेल फार आधी इशारा देऊ शकत नाही.

दुसरी पायरी : संकेतांची ओळख

प्लाझ्माचा एकूण प्रवाह रोगोव्स्की वेटोळ्याने मोजतात. मिर्नोव्ह वेटोळी चुंबकीय क्षेत्राच्या बदलाचा दर टिपतात, त्यामुळे फिरणारी बेटे त्यांत लयबद्ध आंदोलनांच्या रूपात उमटतात. पण बेट थबकले की हे आंदोलन मावळते, म्हणून लॉक्ड मोडसाठी वेगळी वेटोळी आणि वेगळी प्रक्रिया लागते. लूप व्होल्टेज (कंकणाभोवतीचा, प्रवाह चालवणारा विद्युतदाब), इंटरफेरोमीटरने मोजलेली सरासरी घनता, बोलोमीटरने मोजलेली प्रारित शक्ती, मृदू क्ष-किरणांचे शोधक आणि थॉमसन विकिरणातून (इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या लेसर प्रकाशातून) मिळणारे इलेक्ट्रॉनांचे तापमान हे इतर महत्त्वाचे संकेत आहेत. चुंबकीय मापनांवरून ईफिटसारखा संगणकीय संच प्लाझ्माचा आकार, काठाजवळचा सुरक्षितता गुणांक (चुंबकीय रेषा कंकणाभोवती किती पीळ घेतात याचे माप) आणि अंतर्गत प्रेरकत्व (प्रवाह मध्याकडे किती एकवटला आहे याचे माप) काढून देतो.

यांतील प्रत्येक संकेताबाबत वहीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : तो किती वेगाने नोंदवला जातो, तो थेट मोजलेला आहे की इतर मापनांवरून काढलेला, आणि शॉट चालू असतानाच उपलब्ध असतो की नंतर. मिर्नोव्ह वेटोळ्यांची नोंद सेकंदाला लाखो वेळा होते, थॉमसन विकिरणाची बहुधा काही दहा किंवा शंभर वेळा. तिसऱ्या मुद्द्याकडे नवखे सर्वाधिक दुर्लक्ष करतात. त्याची किंमत पुढे कळते.

तिसरी पायरी : डेटा मिळवणे आणि डोळ्यांनी पाहणे

बहुतेक टोकामॅकांचा डेटा संस्थेच्या आतच राहतो आणि तो मिळवण्यासाठी सहकार्याचा करार लागतो. नवख्यासाठी चांगला अपवाद म्हणजे मास्ट. इंग्लंडमध्ये कलम येथे २०१३ पर्यंत चाललेल्या या गोलाकार टोकामॅकचा डेटा ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाने खुला केला आहे. तो झार या साठवण पद्धतीत असून पायथॉनच्या एक्सअरे या ग्रंथालयाने थेट वाचता येतो. इतरत्र डेटा साठवण्याची एमडीएसप्लस ही प्रणाली फार आढळते, म्हणून तिची झाडासारखी रचना एकदा समजून घेणे फायद्याचे ठरते. एमआयटीच्या प्लाझ्मा केंद्राने खुले केलेले डिस्रप्शनपाय हे साधन, ते ज्या यंत्रांसाठी आहे त्यांचा डेटा तुमच्याकडे नसला तरी, वाचून काढावे; भौतिक राशी कशा काढतात आणि मापनातील कोणत्या अडचणींसाठी काय तजवीज करतात, हे त्यातून शिकायला मिळते.

डेटा हाती आल्यावर लगेच प्रशिक्षणाकडे वळू नये. विसेक शॉट निवडावेत, काही डिस्रप्शनने संपलेले आणि काही सुखरूप संपलेले, आणि प्रत्येकाचे प्रवाह, घनता, प्रारण, लूप व्होल्टेज आणि चुंबकीय आंदोलने यांचे आलेख एकाखाली एक, एकाच काळअक्षावर काढावेत. पहिल्या पायरीत सांगितलेला घटनाक्रम त्यांत शोधावा. बंद पडलेला शोधक, कमाल मर्यादेला टेकून सपाट झालेला संकेत, शून्यापासून सरकलेली पायारेषा, इंटरफेरोमीटरने व्यतिकरणाची एखादी पट्टी मोजायची चुकवल्यामुळे घनतेत पडलेली खोटी उडी, या सर्व गोष्टी आलेखात क्षणात दिसतात. सरासरी आणि प्रमाण विचलनाच्या तक्त्यात त्या दिसत नाहीत. माझ्या मते या कामाला दिलेला एक आठवडा पुढचे दोन महिने वाचवतो.

चौथी पायरी : एकच काळअक्ष, आणि भविष्याची गळती

वेगवेगळ्या वेगाने नोंदवलेले संकेत मॉडेलला देण्यासाठी एकाच काळअक्षावर, समजा दर एक मिलिसेकंदाला एक नोंद अशा रीतीने, आणावे लागतात. येथेच सर्वांत घातक चूक घडते आणि ती कोणत्याही संगणकीय त्रुटीच्या रूपात समोर येत नाही.

समजा, थॉमसन विकिरणाचे तापमान १०० आणि ११० मिलिसेकंदांना मोजले आहे आणि आपल्याला १०४ मिलिसेकंदांचे मूल्य हवे आहे. दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा ओढून ते काढले, तर १०४ व्या मिलिसेकंदाच्या नोंदीत ११० व्या मिलिसेकंदाची माहिती शिरते. उष्णता एका मिलिसेकंदात नाहीशी होणाऱ्या घटनेसाठी सहा मिलिसेकंदांचे भविष्य म्हणजे जवळजवळ संपूर्ण उत्तर होय. म्हणून शेवटचे उपलब्ध मोजमाप पुढचे मोजमाप येईपर्यंत तसेच धरून ठेवावे. त्यातही थॉमसनचे मूल्य काढायला लागणारा वेळ धरला, तर ते त्याच क्षणी उपलब्ध होते असे मानणेही उदारपणाचे ठरते.

हीच गोष्ट गाळण्यांची. साय-पायमधील फिल्टफिल्ट हे कार्य संकेतावरून पुढून आणि मागून असे दोनदा फिरते, त्यामुळे आलेख सुंदर दिसतो, पण प्रत्येक बिंदूत नंतरच्या बिंदूंची छाया पडते. मध्यबिंदूभोवती घेतलेली चलसरासरीही तेच करते. फक्त मागे पाहणारी गाळणी वापरावी आणि तिच्यामुळे होणारा विलंब मान्य करावा, कारण प्रत्यक्ष नियंत्रणकक्षातही तो विलंब होणारच असतो. ईफिटच्या बाबतीतही शॉट संपल्यावर सावकाश केलेली पुनर्रचना आणि शॉट चालू असताना झटपट केलेली पुनर्रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी उपलब्ध असेल तर तीच घ्यावी.

तपासणीचा एक सोपा उपाय आहे. एखाद्या शॉटचा डेटा अमुक क्षणानंतर पूर्णपणे पुसून टाकावा, संपूर्ण पूर्वप्रक्रिया पुन्हा चालवावी आणि त्या क्षणापर्यंतची सर्व मूल्ये आधीसारखीच येतात का ते पाहावे. एकही मूल्य बदलले, तर भविष्य कोठून तरी गळत आहे. ही चाचणी आपल्या संगणकीय संचात कायमची बसवून ठेवावी.

पाचवी पायरी : भौतिकीच्या भाषेतील राशी

कच्चे संकेत जसेच्या तसे मॉडेलला देता येतात, आणि भरपूर डेटा असेल तर खोल जाळी (अनेक थरांची न्यूरल नेटवर्क) त्यांतूनही शिकतात. परंतु पहिल्या मॉडेलसाठी परिमाणरहित राशी काढून देणे मला अधिक योग्य वाटते. घनतेचेच उदाहरण घेऊ. मार्टिन ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या मर्यादेनुसार, मेगाअँपिअरमधील प्लाझ्माप्रवाहाला पाय (π) आणि मीटरमधील लघुत्रिज्येचा (कंकणाच्या छेदाच्या त्रिज्येचा) वर्ग यांच्या गुणाकाराने भागले की घनमीटरमागे १० चा विसावा घात या एककात घनतेची मर्यादा मिळते. आदित्य-यूची लघुत्रिज्या ०.२५ मीटर आहे, प्रवाह ०.१५ मेगाअँपिअर धरला, तर मर्यादा सुमारे ०.७६ येते. नुसती ०.५ ही घनता धोकादायक आहे की नाही, हे सांगता येत नाही. मर्यादेच्या दोनतृतीयांश हा आकडा मात्र कोणत्याही आकाराच्या यंत्रावर काही अर्थ सांगतो.

याच विचाराने प्रारित शक्तीला दिलेल्या शक्तीने भागावे, लॉक्ड मोडच्या क्षेत्राला मुख्य क्षेत्राने भागावे, आणि प्रत्यक्ष प्रवाह व नियोजित प्रवाह यांतील फरकाला नियोजित प्रवाहाने भागावे. काठाजवळचा सुरक्षितता गुणांक, अंतर्गत प्रेरकत्व आणि प्रमाणित बीटा (प्लाझ्माचा दाब व चुंबकीय दाब यांच्या गुणोत्तरावरून काढलेली राशी) ही मुळातच अशा स्वरूपात असतात. आठदहा राशींचा हा संच पहिल्या कामाला पुरतो.

सहावी पायरी : लेबले

शॉट डिस्रप्शनने संपला की नाही, हे कोण ठरवणार? बहुतेक ठिकाणी प्रवाह किती वेगाने ओसरला यावरून ते ठरवतात : ठरावीक मर्यादेपेक्षा जलद घसरला तर डिस्रप्शन. पण घसरण सुरू झाल्याची वेळ ही उष्णता निघून गेल्यानंतरची वेळ असते. ती ‘घटनेची वेळ’ म्हणून धरली, तर उष्णता आधीच भिंतीवर आदळलेली असतानाच्या नोंदी ‘आधीच्या’ म्हणून प्रशिक्षणात येतात आणि मॉडेल अंदाज बांधण्याऐवजी घडून गेलेली गोष्ट ओळखायला शिकते. त्यामुळे मृदू क्ष-किरण किंवा तापमान यांच्या साहाय्याने पहिल्या टप्प्याची वेळ जमेल तितकी निश्चित करावी. जेथे हे शक्य नसेल, तेथे वेळ कशी ठरवली ते स्पष्ट लिहावे.

काही शॉट बाजूला काढावे लागतात. डिस्रप्शन शमवण्याच्या यंत्रणेची परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम वायू किंवा गोठवलेल्या गोळ्या सोडून घडवलेली डिस्रप्शन आपल्या कामाची नाहीत. वीजपुरवठा बंद पडल्यामुळे संपलेले शॉट वेगळे ठेवावेत. प्रयोगवहीतील नोंदी येथे अमूल्य ठरतात, आणि त्या यंत्रावर प्रत्यक्ष काम केलेल्या व्यक्तीशी तासभर बोलणे त्याहूनही अधिक.

यानंतर, घटनेच्या किती आधीपासूनच्या नोंदींना ‘धोका’ हे लेबल द्यायचे, हे ठरवावे लागते. येथे एकच योग्य आकडा नाही. खिडकी फार लांब धरली तर पूर्णपणे शांत प्लाझ्मालाही धोक्याचे लेबल लागते. फार आखूड धरली तर इशारा उशिरा येतो. आपल्या विसेक आलेखांमध्ये पूर्वचिन्हे साधारण कधीपासून दिसू लागतात, ते पाहून खिडकी ठरवावी आणि ती दुप्पट व निम्मी करून निकाल किती बदलतो हे नोंदवावे.

सातवी पायरी : प्रशिक्षण आणि चाचणी यांची वाटणी

या पायरीवर माझे मत ठाम आहे. नोंदी सरमिसळ करून त्यांतील काही टक्के चाचणीला ठेवणे, ही सामान्य पाठ्यपुस्तकी रीत येथे पूर्णपणे चुकीची आहे. एकाच शॉटमधील लागोपाठच्या दोन मिलिसेकंदांच्या नोंदी जवळजवळ सारख्या असतात. एक प्रशिक्षणात आणि दुसरी चाचणीत गेली, तर मॉडेल पाठांतराच्या बळावर उत्तम गुण मिळवते. म्हणून वाटणीचे एकक किमान शॉट असले पाहिजे.

पण शॉटही पुरेसा नाही. टोकामॅकवर एका दिवसात एकाच उद्देशाचे, किंचित फरकाचे अनेक शॉट घेतले जातात. कधीकधी तर बिघडलेला शॉट त्याच मांडणीत पुन्हा घेतात. त्यामुळे एका दिवसाचे किंवा एका प्रयोगसत्राचे सर्व शॉट एकाच बाजूला ठेवावेत. सायकिट-लर्नमधील ग्रुप-के-फोल्ड हे साधन यासाठीच आहे. आणि अंतिम चाचणीसाठी सर्वांत नंतरच्या काळातील प्रयोगांची मोहीम राखून ठेवावी, कारण प्रत्यक्षात मॉडेल कालच्या डेटावर शिकून उद्याच्या शॉटवर चालायचे असते. यंत्र दरम्यान बदलते : नवी तापन यंत्रणा बसते, शोधकांचे अंशशोधन बदलते, भिंतीवर लेप दिला जातो. जेटमध्ये २०११ मध्ये कार्बनची भिंत काढून बेरिलियम आणि टंगस्टनची बसवली, तेव्हा डिस्रप्शनचे स्वरूपच बदलले. कार्बनमुळे होणारे प्रारण कमी झाल्याने प्रवाह अधिक सावकाश ओसरू लागला. तरीही कार्बन भिंतीच्या काळातील डेटावर शिकवलेले अपोडिस हे मॉडेल नव्या भिंतीसह प्रत्यक्ष वेळेत चालवण्यात आले आणि उपयोगी ठरले. असे बदल ओलांडून मॉडेल टिकते का, हाच तर खरा प्रश्न आहे आणि सरमिसळ वाटणी तो विचारतच नाही.

सर्व राशी एकाच मोजपट्टीवर आणण्यासाठी वापरलेली सरासरी आणि विचलन फक्त प्रशिक्षणातील शॉटवरून काढावीत, हे वेगळे सांगायला नको. तरी संगणकीय संच पुन्हा एकदा तपासून पाहावा.

आठवी पायरी : मॉडेल, सर्वांत साध्यापासून

पहिले मॉडेल एका ओळीचे असावे : लॉक्ड मोडचा संकेत ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की इशारा. जेटवर असा नियम प्रत्यक्षात वापरला गेला आहे आणि त्याला मागे टाकणे वाटते तितके सोपे नाही. त्यानंतर लॉजिस्टिक रिग्रेशन, मग रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचे मत एकत्र करणारे मॉडेल) किंवा बूस्टिंगवर (प्रत्येक नवा वृक्ष आधीच्यांच्या चुका सुधारतो अशा पद्धतीवर) आधारलेले निर्णयवृक्ष. या सगळ्यांना साधा लॅपटॉप पुरतो. वृक्षांवर आधारलेल्या मॉडेलांना मी विशेष महत्त्व देतो, कारण अमेरिकेतील डी-थ्री-डी टोकामॅकवर रँडम फॉरेस्टवर आधारलेला अंदाजकर्ता नियंत्रणप्रणालीत बसवून प्रत्यक्ष वेळेत चालवला गेला आहे आणि कोणत्या राशीमुळे धोका वाढला हेही तो सांगू शकतो.

काळाचा क्रम लक्षात घेणारी जाळी यानंतर यावीत. २०१९ मध्ये नेचरमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिन्स्टन आणि हार्वर्डच्या संशोधकांच्या कामात आवर्ती जाळे (आधीच्या क्षणांची स्मृती ठेवणारे न्यूरल नेटवर्क) डी-थ्री-डीच्या डेटावर शिकवून जेटवर तपासले गेले, आणि त्यात तापमान व घनता यांचे अवकाशीय आलेखही वापरले होते. भारतातही हा विषय नवा नाही : आदित्यवरील डिस्रप्शनचा न्यूरल नेटवर्कने अंदाज बांधण्याचे काम २००० मध्येच प्रसिद्ध झाले आहे. त्या काळातील छोट्या जाळ्यांचे लेख आजही वाचावेत. कमी डेटात संकेतांची निवड किती विचारपूर्वक करावी लागते, हे त्यांत दिसते.

नववी पायरी : निकाल मोजणे

समजा आपल्याकडे प्रत्येकी एक सेकंदाचे १००० शॉट आहेत, दर मिलिसेकंदाला एक नोंद आहे आणि १०० शॉट डिस्रप्शनने संपले आहेत. धोक्याची खिडकी ५० मिलिसेकंदांची धरली, तर एकूण १० लाख नोंदींपैकी धोक्याच्या फक्त ५००० होतात. कधीही इशारा न देणारे मॉडेल ९९.५ टक्के अचूक ठरते. म्हणून नोंदींवर मोजलेली अचूकता अहवालात लिहूच नये.

मोजायचे ते शॉटच्या पातळीवर. डिस्रप्शनने संपलेल्या किती शॉटमध्ये पुरेसा आधी इशारा मिळाला आणि सुखरूप शॉटपैकी किती शॉटमध्ये खोटा इशारा वाजला, हे दोन आकडे मुख्य. पुरेसा म्हणजे किती, हे शमन यंत्रणेवर अवलंबून असते. ईटरसाठी साधारण ३० मिलिसेकंद हा किमान अवधी धरला जातो. त्याहून उशिरा आलेला इशारा चुकलेलाच मानावा. याबरोबर इशाऱ्याच्या वेळांचे वितरण संपूर्ण दाखवावे. दोन सेकंद आधी आलेला इशारा खरेच पूर्वचिन्ह ओळखून आला, की योगायोगाने वाजलेला खोटा इशारा शॉट पुढे बिघडल्यामुळे खात्यात बरोबर म्हणून जमा झाला, हे त्या त्या शॉटचा आलेख पाहूनच ठरवावे लागते.

मॉडेल दर मिलिसेकंदाला धोक्याचा अंक देते, तर नियंत्रणकक्षाला एकच निर्णय हवा असतो. अंक एका मर्यादेच्या वर सलग काही मिलिसेकंद टिकला तरच इशारा द्यायचा, असा नियम लावल्याने क्षणिक उसळ्या गाळल्या जातात. ही मर्यादा आणि हा कालावधी पडताळणीच्या संचावर, म्हणजे प्रशिक्षणाच्या बाजूने वेगळ्या काढून ठेवलेल्या काही शॉटवर, ठरवावा. चाचणीच्या संचाला शेवटपर्यंत हात लावू नये. अनेक मर्यादांसाठी दोन्ही आकडे काढून वक्र दाखवावा, कारण चुकलेला आणि खोटा इशारा यांची किंमत प्रत्येक यंत्रावर वेगळी असते. लहान यंत्र रोज डिस्रप्शन सोसून दुसऱ्या दिवशी चालू होते; ईटरमध्ये एक चुकलेला इशारा भिंतीच्या दुरुस्तीसाठी यंत्र थांबवू शकतो.

दहावी पायरी : मॉडेल काय शिकले ते तपासणे

निकाल फार चांगला आला तर आधी संशय घ्यावा. एकेक राशी सरमिसळ करून निकाल किती घसरतो, हे पाहणे ही पहिली तपासणी. शॉट सुरू होऊन किती वेळ झाला, ही राशी जर सर्वांत महत्त्वाची ठरली, तर मॉडेल भौतिकी न शिकता प्रयोगाचे वेळापत्रक शिकले आहे. डिस्रप्शन झालेले शॉट बहुतेक प्रवाह स्थिर असताना संपले आणि सुखरूप शॉटमध्ये प्रवाह हळूहळू उतरवण्याचा टप्पा आला, तर ‘प्रवाह उतरतो आहे म्हणजे सुरक्षित’ असा नियम मॉडेल सहज शिकते, आणि तो चुकीचा आहे, कारण उतरणीचा टप्पाच अनेकदा धोक्याचा असतो. एखादा शोधक केवळ विशिष्ट मोहिमांत चालू असेल, तर त्याची रिकामी जागाही उत्तराचा पत्ता देते.

त्यानंतर चुकलेल्या शॉटची यादी करावी आणि प्रत्येक शॉटचा आलेख पुन्हा उघडून कारणानुसार गट पाडावेत : घनतेची मर्यादा, लॉक्ड मोड, उभ्या दिशेने प्लाझ्मा निसटणे, अशुद्धीचा अचानक शिरकाव. मला या सर्व कामातला सर्वांत समृद्ध भाग हाच वाटतो. एकाच टक्केवारीत लपलेली गोष्ट येथे उलगडते : मॉडेल काही वाटांवर अगदी भरवशाचे असते आणि काही वाटांवर आंधळे. अल्काटर सी-मॉड, डी-थ्री-डी आणि चीनमधील ईस्ट या तीन यंत्रांवर सारख्याच पद्धतीने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत सी-मॉडवरील निकाल इतर दोघांच्या मानाने कमकुवत आले होते. तेथे अनेक डिस्रप्शन फार अल्पकाळात घडत असल्याने इशारा देण्याजोगे पूर्वचिन्हच मिळत नव्हते. दोष मॉडेलचा की मापनाचा की खुद्द घटनेचा, हे असे गट पाडल्याशिवाय कळत नाही.

पुढचे टप्पे

एका यंत्रावर काम जमले की दुसऱ्या यंत्राकडे वळावे. ईटरला सुरुवातीला स्वतःची शेकडो डिस्रप्शन गोळा करून शिकणे परवडणार नाही, त्यामुळे जुन्या यंत्रांवर शिकलेले मॉडेल नव्या यंत्रावर थोड्याच शॉटच्या आधारे कसे जुळवून घ्यावे, हा आजचा महत्त्वाचा प्रश्न आहे. परिमाणरहित राशी येथे पुन्हा उपयोगी पडतात, पण कालमापनही बदलते हे विसरू नये : मोठ्या यंत्रात ऊर्जा अधिक काळ टिकते, म्हणून लहान यंत्रावरची ५० मिलिसेकंदांची खिडकी मोठ्या यंत्रासाठी जशीच्या तशी लागू होत नाही.

अंदाजापलीकडे नियंत्रण हे क्षेत्र आहे. २०२२ मध्ये लोझानमधील टीसीव्ही टोकामॅकवर डीपमाइंड आणि स्विस प्लाझ्मा केंद्राने प्रबलन शिक्षणाने (चांगल्या कृतीला गुण देत शिकवण्याच्या पद्धतीने) तयार केलेले नियंत्रक चालवून १९ वेटोळ्यांद्वारे प्लाझ्माचे वेगवेगळे आकार साधले. २०२४ मध्ये डी-थ्री-डीवर चुंबकीय पृष्ठे फाटण्याची शक्यता ३०० मिलिसेकंदांपर्यंत आधी ओळखून ती टाळण्याचे काम प्रसिद्ध झाले. तिसरे क्षेत्र म्हणजे प्लाझ्मातील खळबळीची वेळखाऊ गणिते जलद करणारी पर्यायी जाळी. या दोन्हींकडे जाताना अंदाजाच्या कामातून आलेली शिस्त तशीच लागते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी सर्वांत जवळचे मोठे केंद्र गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्थाच आहे. तेथे आदित्य-यू आणि अतिवाहक चुंबकांचा एसएसटी-१ हे टोकामॅक आहेत, विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रम चालतो, आणि पीएचडीची पदवी मुंबईतील होमी भाभा राष्ट्रीय संस्थेमार्फत मिळते. अर्ज करताना मास्टच्या खुल्या डेटावर केलेले एक छोटे, पूर्ण काम सोबत जोडावे : संगणकीय संच खुल्या भांडारात, शॉटची यादी आणि वाटणी वेगळ्या फाइलमध्ये, भविष्याची गळती तपासणारी चाचणी चालू स्थितीत, आणि चुकलेल्या शॉटचे आलेख कारणांसह. मॉडेल रँडम फॉरेस्टच असले तरी चालेल.